पंडुमआधीची कैरी

श्रीहरी मेश्रामने चार वर्षांच्या ग्रामसेवकीत इरपमेटा गावाला तीन वेळा हातपंप दिला होता, आणि तिन्ही वेळा तोंडानेच. पहिल्यांदा दिला तेव्हा तो नोकरीत नवा होता आणि वरून आलेल्या कागदावर त्याचा विश्वास होता. दुसऱ्यांदा दिला तेव्हा निवडणूक होती, सगळेच काही ना काही देत होते, मग आपणच हात आखडता का घ्यावा असं त्याला वाटलं. तिसऱ्यांदा दिला तो निव्वळ सवयीने. गावाने तिन्ही वेळा ऐकून घेतलं. इरपमेट्याची माडिया माणसं समोरच्याला खोटा म्हणत नसत; उठून आपापल्या कामाला लागत. श्रीहरीला ते शिवीपेक्षा जास्त लागायचं.

अहेरीहून निघालेली बस जिथे हात टेकत असे, तिथून पुढे तीन कोस जंगल तुडवलं की हे गाव. फाल्गुन सरला की नाला आटायचा. मग बायका नाल्याच्या वाळूत कंबरभर खड्डा खणत. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी थेंबाथेंबाने जमा होई, ते तुंब्याने उचलून मडक्यात ओतायचं आणि पुन्हा वाट पाहत बसायचं. एक मडकं भरेपर्यंत सूर्य झाडाच्या या फांदीवरून त्या फांदीवर जाई. श्रीहरीही तेच पाणी प्यायचा. पोटात मुरडा आला की बदलीचा अर्ज लिहायचा आणि बरं वाटलं की फाडून टाकायचा, असा त्याचा दर उन्हाळ्याचा क्रम होता. ब्रह्मपुरीकडच्या गावी त्याची आई घरच्या विहिरीवर उभी राहून लेकाच्या नोकरीचं कौतुक सांगत असे.

शहाऐंशी सालच्या चैत्रात चंद्रपूरहून पत्र आलं. मुंबईचे टीव्हीवाले येणार होते. चंद्रपूर आणि त्यातून नव्याने निघालेला, अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या उपेक्षित खाद्यसंस्कृतीला, असाच शब्द होता, जगापुढे आणण्यासाठी पाककला स्पर्धा भरणार होती. ती टीव्हीवर दिसणार होती. प्रत्येक गटाने एक अस्सल आदिवासी स्पर्धक पाठवावा, पदार्थात ऋतूचं फळ म्हणून कैरी असावी, आणि पहिल्या क्रमांकाच्या स्पर्धकाच्या वस्तीला, इथे श्रीहरीने चष्मा पुसून पुन्हा वाचलं, हातपंप मंजूर करण्यात येईल. बोअरची गाडी स्पर्धेच्या ठिकाणीच उभी राहील.

चौथ्यांदा हातपंप द्यायला श्रीहरीची जीभ धजेना. म्हणून त्याने पंपाची गोष्ट शेवटी सांगितली आणि आधी स्वयंपाकाची काढली. गावात बुधरीच्या हाताला चव आहे यावर दुमत नव्हतं. वाळवलेल्या मासोळ्यांचं कालवण ती असं करी की पंचायतीच्या बैठकीला न येणारी माणसं जेवणाच्या वेळी हटकून हजर होत. बुधरी पन्नाशीची, बाजाराची मराठी येणारी आणि कुणाला न भिणारी बाई. ती तयार झाली. अडचण निघाली ती कैरीची.

गावाचा पंडुम अजून व्हायचा होता. नवं पीक असो, मोहाचं फूल असो, आंबा असो, देवाला दाखवून गावाने मिळून खाण्याचा दिवस म्हणजे पंडुम. आंब्याचा तो मारका पंडुम. त्याच्या आधी गावातल्या कुणीही, अगदी भुकेला असला तरी, कैरी तोंडाला लावायची नाही. देवकार्य पाहणारा म्हातारा पोचू पेरमा दिवस ठरवी, आणि त्या वर्षी तो ठरायला अजून पंधरा दिवस होते. पोचूने बराच वेळ जमिनीवर काडीने रेघा मारल्या आणि निकाल दिला. कैरी आपल्या झाडाची नको, ती चंद्रपूरच्या बाजारातली चालेल. बुधरीने ती कापावी, शिजवावी, लोकांना वाढावी. तोंडाला मात्र लावू नये.

श्रीहरी आनंदाने हो म्हणाला. रांधणाऱ्या बाईला जेवलीस का म्हणून विचारलेलं त्याने उभ्या आयुष्यात, आपल्या घरीसुद्धा, पाहिलं नव्हतं. ती अट त्याला अट वाटलीच नाही. डोक्यात फक्त बोअरची गाडी घरघरत होती.

चंद्रपुरात एका शाळेच्या पटांगणात मांडव पडला होता. मांडवाबाहेर बोअरची गाडी खरोखरच उभी होती, झेंडूच्या माळा घालून, नवरदेवाच्या घोड्याच्या थाटात. श्रीहरीने जाता जाता तिच्या लोखंडाला हात लावून पाहिला. बुधरीनेही लावला आणि तापलंय म्हणाली.

आत दिव्यांचा उजेड एवढा की चैत्राचं ऊन फिकं पडावं. निर्माता नावाचा एक गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून फिरत होता. त्याने बुधरीला पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती. त्याने वडशाच्या कुठल्याशा नाटक कंपनीकडून भाड्याने आणलेला पोशाख पुढे केला. वाघाच्या ठिपक्यांचं कापड होतं, आणि कोंबड्याची पिसं खोचलेला मुकुट. (वाघाला ठिपके नसतात हे बुधरीला ठाऊक होतं, निर्मात्याला नव्हतं.) बुधरीने कापड हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं, चार घड्या घातल्या आणि चुलीपुढे टाकून त्यावर बसली. बसायला चांगलं आहे, असं तिने श्रीहरीला सांगितलं. मुकुटातल्या एका पिसाने तिने कान कोरला.

मग निर्मात्याने मुंग्या कुठे आहेत असं विचारलं. जंगलातले लोक लाल मुंग्यांची चटणी खातात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं आणि मुंबईहून येताना तो तीच एक गोष्ट बरोबर घेऊन आला होता. श्रीहरीने बुधरीला विचारलं. ती म्हणाली, ती चटणी ताप आल्यावर करतात, यांना ताप आहे का? निर्मात्याने हे टिपून घेतलं आणि पुढे काय करावं ते न सुचून शिट्टी वाजवली.

शेजारच्या टेबलावर सौ. पद्मजा वैद्य होत्या. शहरालगतच्या अधिकाऱ्यांच्या कॉलनीत त्यांचा बंगला; त्यांच्या गटाला अस्सल आदिवासी सापडला नाही, म्हणून त्या स्वतःच आल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. बुधरीला त्यांनी आपल्या थर्मासातलं थंड पाणी दिलं आणि पेला परत न घेता तिलाच देऊन टाकला. त्यांचा पदार्थ होता 'आदिवासी पुलाव'. त्यात बासमती होता, पनीर होतं, काजू होते आणि डब्यातला अननस होता. आदिवासी एवढंच की तो पळसाच्या द्रोणात वाढायचा होता आणि वर कैरीच्या कापांची झोपडी उभी केली होती. झोपडीच्या दाराशी गाजराचा माणूस होता. त्याच्या हातात भाला म्हणून टूथपिक होती.

परीक्षक दोघं. एक म्हणजे जिल्ह्याचे मोठे साहेब, ज्यांच्या सहीने गाडी हलणार होती ते. दुसऱ्या पुण्याच्या पाकशास्त्रनिपुण सौ. कुमुदिनी आगाशे. त्यांनी सुरुवातीलाच हात जोडून खुलासा केला की आज संकष्टी आहे, त्यांचा कडक उपास असतो, त्यामुळे चंद्रोदयापर्यंत त्या काहीही तोंडात घालू शकणार नाहीत. पण काळजीचं कारण नाही, तीस वर्षांच्या अनुभवामुळे त्या नुसत्या वासावरून गुण देतील. सगळ्यांनी त्यांच्या निष्ठेला टाळ्या वाजवल्या. श्रीहरीनेही वाजवल्या. टाळ्या वाजवायला त्याचे हात त्या दिवशी नुसते शिवशिवत होते.

बुधरीने काम सुरू केलं तेव्हा मात्र मांडवातली कुजबुज थांबली. तिने मासोळ्या कोरड्याच भाजल्या, हातावर चोळून त्यांची राख उडवली, कैरी कापली नाही, ठेचली. मिरच्या जाळावर धरल्या तशी पुढच्या दोन रांगा खोकू लागल्या. तेल थेंबभर. शेजारी कोसरी नावाच्या भरडधान्याचा भात, बारीक दाण्याचा, मऊ. कालवण रटरटायला लागलं आणि आंबट, धुरकट असा वास निघाला, की कॅमेरा धरणाऱ्या माणसाने डोळा कॅमेऱ्यातून काढला आणि भांड्यात घातला. श्रीहरीला तिथे, त्या दिव्यांत, इरपमेट्याच्या नाल्याची आठवण आली आणि पंप आपलाच या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

आगाशेबाईंनी नाकाला पदर लावून तीन हातांवरून वास घेतला. चव रानवट आहे पण प्रामाणिक आहे, असं त्यांनी जाहीर केलं. साहेबांनी एक द्रोण खाल्ला. मग दुसरा पुढे केला. दुसऱ्यातलं काटेसुद्धा चोखून झाल्यावर ते म्हणाले की आपण वीस वर्षं या भागात नोकरी केली आणि हे आपल्याला कुणी वाढलं कसं नाही.

त्यांनी चवीला वीसपैकी वीस लिहिले. श्रीहरीने ते उलट्या बाजूने वाचले.

तेवढ्यात निर्मात्याने शिट्टी वाजवून कॅमेरा बुधरीकडे वळवला. आता बाई स्वतः एक घास खातील आणि हसतील, म्हणाला. स्पर्धेचा तो नियमच होता. गुणपत्रिकेत मांडणी, चव आणि पोषण यांच्यानंतर 'आत्मविश्वास' असा चौथा रकाना होता, आणि तो स्पर्धकाने आपला पदार्थ चाखण्याच्या ढंगावरून भरायचा होता. पद्मजाबाईंनी मघाशी झोपडीचं छप्पर खाऊन 'अहाहा' केलं होतं. त्यांना वीस मिळाले होते.

बुधरीने नाही म्हणून मान हलवली.

पोचूने मारलेल्या रेघा श्रीहरीला आत्ता दिसल्या. पण चार वर्षं सरकारचं म्हणणं गावाला आणि गावाचं सरकारला गोड करून सांगण्यात गेलेली. जीभ आपसूक वळली. तो म्हणाला, आमच्याकडे पाहुण्यांचं पोट भरल्याशिवाय घरची बाई जेवत नाही. मांडव भारावला. आगाशेबाईंनी डोळे टिपले. निर्माता म्हणाला, केवढी संस्कृती! आणि मग म्हणाला, पाहुण्यांचं झालं आहे, आता घ्या.

बुधरीने पुन्हा मान हलवली आणि या वेळी स्वतःच, बाजाराच्या मराठीत, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मी नाई खात. आमच्यात कोनीच खात नाई हे सध्या."

साहेबांचा हात पोटावर गेला. दोन द्रोण आत होते. त्यांनी बुधरीकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, आणि त्यांना तिथल्या तिथे कळ आली. मागे कुणीतरी विष हा शब्द उच्चारला आणि तो रांगांमधून पुढे सरकला. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. श्रीहरीने सगळं सांगितलं. पंडुम म्हणजे काय, गावाने मिळून नवं खाण्याचा दिवस कसा असतो, त्याआधी बुधरीने एकटीने खाल्लं तर सगळ्या गावाच्या तोंडचा पहिला घास तिने पळवल्यासारखा होतो. त्याने इतकं नीट कधीच काही सांगितलं नव्हतं. सांगता सांगता त्याला ते स्वतःलाच पहिल्यांदा समजत होतं.

आगाशेबाईंनी उपासाच्या थकव्यातूनही आवाज चढवला.

"आपण विसाव्या शतकात आहोत. अमुक दिवशी अमुक खायचं नाही, ही अंधश्रद्धा टीव्हीवरून दाखवायची का?"

आणि त्या चंद्रोदय किती वाजता आहे ते विचारायला आत निघून गेल्या.

साहेब मात्र अजून पोट धरून होते, आणि सही त्यांची होती. श्रीहरीने विचार केला नाही. त्याने भांडं पुढे ओढलं, द्रोण भरला आणि कॅमेऱ्यासमोर घासामागून घास खाऊ लागला, हे पहा साहेब, काही होत नाही, असं म्हणत. बुधरी उठून उभी राहिली. "भाऊ, थांबा," ती म्हणाली, आणि तिने त्याचं मनगट धरलं. घाईत काटा अडकेल म्हणून ती म्हणते आहे असं त्याला वाटलं. त्याने हात सोडवून घेतला आणि द्रोण संपवला. कालवण त्याच्या आईच्या हातच्यापेक्षा चांगलं होतं, आणि तोंडाला आलेलं पाणी कैरीचं की रडण्याचं ते त्याला सांगता आलं नसतं.

साहेबांची कळ थांबली. पण आत्मविश्वासाच्या रकान्यात शून्य पडलं ते पडलंच. बुधरीला चवीत सगळ्यांहून जास्त मिळाले आणि एकूण बेरजेत ती शेवटून दुसरी आली. पहिला क्रमांक आदिवासी पुलावाचा.

पंपाचं काय, हे विचारायला श्रीहरी साहेबांच्या मागे गाडीपर्यंत धावला. साहेब वैतागले नाहीत, उलट त्यांनी समजावून सांगितलं. आदेशात 'विजेत्या स्पर्धकाची वस्ती' असं आहे. पद्मजाबाईंची वस्ती म्हणजे कॉलनी. तिथे घराघरात तीन नळ आहेत हे त्यांनाही मान्य होतं, पण आदेश नळ पाहून निघालेला नव्हता. पद्मजाबाई बिचाऱ्या ओशाळल्या. आम्हाला कशाला पंप, असं त्या दोनदा म्हणाल्या. नाकारण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल आणि त्याला नमुनाच नाही, असं कळल्यावर त्यांनी तो बागेत गुलाबाच्या ताटव्याजवळ बसवावा असं सुचवलं. झेंडूच्या माळा घातलेली गाडी धूर सोडत कॉलनीच्या दिशेने गेली. बुधरी ती वळणाआड होईपर्यंत पाहत राहिली.

बुधरीला प्रमाणपत्र मिळालं होतं, परतीच्या बसमध्ये ते तिने थर्मासच्या पेल्याभोवती गुंडाळून घेतलं होतं. श्रीहरी मनातल्या मनात गावाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होता आणि एकही वाक्य उभं राहत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव मोहाच्या झाडाखाली बसलं. श्रीहरीने उभ्याने सांगून टाकलं की पंप मिळाला नाही, तो चंद्रपूरच्या कॉलनीला गेला. पोचूने विचारलं की तिथल्या नाल्याला झिरा लागत नाही का. श्रीहरीने सांगितलं की तिथे घराघरात तीन नळ आहेत. हे ऐकून आधी बायका हसल्या, मग म्हातारे हसले, आणि एकाने ते पुन्हा सांगायला लावलं. श्रीहरीने पुन्हा सांगितलं. गुलाबाचं सांगितल्यावर तर पोचूला ठसका लागला. श्रीहरीला त्या हसण्यात आपल्यावर एकही दगड आलेला दिसला नाही, आणि त्यामुळे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसू ओसरलं तसा पोचू गंभीर झाला. त्याला दुसरंच विचारायचं होतं. कैरी कुणी तोंडाला लावली का? बुधरी जमिनीकडे पाहत म्हणाली, मी नाही. मग तिने हनुवटीने श्रीहरीकडे दाखवलं. मी हात धरला होता, असंही ती म्हणाली.

श्रीहरीला आधी कळेना की सगळे आपल्याकडे असे का पाहतात. कळलं तेव्हा तो चक्क हसला.

"मी गावचा थोडीच आहो, पेरमाभाऊ. मी तं सरकारचा मानूस."

पोचूने काडी उचलली, पण रेघ मारली नाही.

"सरकारनं तुले पानी देल्लं का कधी?" तो म्हणाला. "चार वरसं आमच्या झिऱ्याचं पानी पेऊन राह्यला. ज्या गावचा झिरा, त्या गावचा मानूस. तुले दंड लागते."

दंड ठरला. एक लाल कोंबडी, शेरभर तांदूळ, आणि पंडुमपर्यंत श्रीहरीने गावाच्या पंगतीत बसायचं नाही. त्याचं ताट थोडं दूर ठेवलं जाईल. पंडुमच्या दिवशी पहिली कैरी देवाला दाखवून झाली की तो पंगतीत परत. बुधरीने दंड कमी व्हावा म्हणून रदबदली केली, हा शिकलेला आहे, याला कळत नाही, असं ती म्हणाली. पोचू बधला नाही. गावच्या माणसाला सूट कशाची, म्हणाला.

श्रीहरी मान खाली घालून ऐकत होता. त्याला लाज वाटत होती, आणि तिच्याबरोबरच इतका आनंद होत होता की तो लपवायला त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. सरकारने चार वर्षांत त्याला तीन नोटिसा आणि एक टेबल दिलं होतं. इथे त्याला दंड झाला होता, आणि दंड परक्याला होत नसतो. त्याने हात जोडून तो कबूल केला.

कोंबडी गावातल्याच लहानूच्या घरून मिळाली. ती पोचूच्या अंगणात सोडून श्रीहरी आपल्या खोलीवर आला आणि त्याने हातपंपासाठीचा अर्ज लिहायला घेतला. आधीचे तिन्ही अर्ज फायलीत होते, समोर ठेवून उतरवून काढायचे एवढंच काम. तिन्हींची सुरुवात सारखी होती: सदर गावातील लोकांना पिण्याचे पाणी नाही. 'सदर गावातील लोकांना' इथपर्यंत त्याने लिहिलं, थांबला, खोडलं, आणि वर लिहिलं: आम्हाला.